जशी आम्ही

आमच्या घरी प्रार्थना साडेसातला.
जेवण त्यानंतर, भूक कितीही असो.
भिंतीवरच्या फळीवर पवित्र मरिया,
तिच्या पायाशी आजोबांचा फोटो,
आणि दोघांत मिळून एकच लाल दिवा.

बाबा मिठागरावरून यायचे
घोट्यांपर्यंत पांढरे.
आई बादली दारातच ठेवायची.
मग ते गुडघे टेकायचे,
आणि त्यांच्यामागे आम्ही, उंचीप्रमाणे.

'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' इथवर
त्यांचा आवाज पुढे, आमचा मागे,
मोठ्या होडीला दोरीने बांधलेल्या तराफ्यासारखा.
मग 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना'
आणि बाबांना खोकला यायचा.
रोज. त्याच जागी.
ते सावरेपर्यंत आई
'तशी तू' पर्यंत पोचलेली असायची.
आपला अर्धा भाग गाळून
देवाकडे देवाचा मागायचो आम्ही.

मला वाटायचं, खारा वारा घशात बसला असेल.
धाकट्या त्वानला वाटायचं, प्रार्थना अशीच आहे.

न्हुआन काकांचं मिठागर आमच्याला लागून.
मधे एक पाट, पाटाला एक फळी,
भरतीचं पाणी आधी कुणी घ्यायचं,
एवढंच.
मला आठवतं ते उगारलेलं फावडं
आणि मधे, चिखलात, फतकल मारून बसलेली आजी.
त्यानंतर तीन वर्षं
काका आमच्या दारावरून जाताना
सायकलची घंटा वाजवत नव्हते.

पण चर्चच्या बँडमध्ये दोघंही.
बाबांचा ट्यूबा, काकांचा मोठा ढोल.
मे महिन्यात मरियेची मिरवणूक बांधावरून जायची
तेव्हा दोघांची पावलं एकाच तालावर पडायची,
पडावीच लागायची.
ताल चुकला की दोघंही
एकमेकांकडे न बघता
एकाच वेळी बँडमास्तरांकडे रागाने बघायचे.

त्वान पाच वर्षांचा झाला
आणि पहाटे साडेचारच्या मिस्सेला
पहिल्यांदा पुरुषांच्या बाजूला बसला.
अख्खं हाय हाऊ अर्धवट झोपेत, एका सुरात.
'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना'
आणि त्वान खोकला.
मोठ्याने, मनापासून,
बाबांसारखी मूठ तोंडाशी धरून.

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.
आईने मान इतकी खाली घातली
की तिच्या मानेवरचा मिठाचा चट्टा दिसला.
माझ्या शेजारी काकांची ख्वे.
तीन वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या कानाशी आली:
'आमचे बाबा त्या ओळीला उठतात,
दिव्याची वात सारखी करायला.'
आणि मग, जरा थांबून,
'दिवा विजेचा आहे.'

शांतीच्या वेळी आमच्याकडे हात मिळवत नाहीत,
नुसतं वाकतात.
बाबा वाकले.
कुणाकडे, आणि किती,
ते बायकांच्या बाजूने दिसत नाही.

समेट झाला असं मी सांगणार नाही.
पुढच्या भरतीला पाटाची फळी अर्धी वर होती.
कुणी उचलली, कुणी विचारलं नाही.
घंटाही वाजली नाही.

त्या रात्री बाबा 'जशी आम्ही' पर्यंत आले
आणि थांबले.
खोकला नाही. शब्दही नाही.
आम्ही आईकडे बघितलं,
पण आई या खेपेला पुढे जाईना.
भात निवत होता.
बाहेर बेडूक ओरडत होते,
आणि बांधापलीकडे समुद्र, नेहमीसारखा.

मग त्यांनी ती ओळ म्हटली.
ट्यूबा वाजवून झाल्यावर
आत साचलेलं पाणी उलटं करून काढतात ना,
तशी. थेंब थेंब, वाकडी, ओली.
आई म्हणाली, 'तशी तू.'

त्वानने मात्र मधेच खोकून घेतलं.
त्याच्या मते नाहीतर
प्रार्थना पुरी झाली नसती.