मोदिकातली वडी

उत्सव म्हणजे नुसती गर्दी, कागदी कप,
आणि उतारावरून घसरत येणारा बँड.
मी नुन्त्सियाच्या टपरीशी थांबले ते चॉकलेटसाठी नव्हे,
बूट चावत होता म्हणून.

ती बाकदार दगडावर कोको वाटत होती,
खाली निखाऱ्यांची जेमतेम ऊब.
साखर घातली, पण विरघळू दिली नाही.
एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.
दाताखाली कचकचला.
वाळू, वाटलं मला,
आणि तोंड वाकडं झालं असणार,
कारण तिच्या नातवाने फोन पुढे केला.
पडद्यावर मराठी उमटलेली, जरा तिरपागडी:
“चावू नये. वाट पाहणे.”

पाहिली.
आधी कडू. मग उशिराने दालचिनी.
मग साखरेचा एकेक कण,
आपापल्या सवडीने.

एकट्याच आलात?
हे तिने भुवयांनीच विचारलं.
मी दोन बोटं दाखवली.
मग एक मिटलं.

तिने काही म्हटलं नाही.
दगडावरचं खरवडून घेतलं,
दोन वड्या कागदात बांधल्या,
आणि पैसेही दोन्हींचे घेतले.
बरं वाटलं.
दया दाखवली असती तर
तिथेच ठेवून आले असते.

चर्चच्या पायऱ्यांवर बसून बूट काढला.
टाच सोललेली.
एक वडी केव्हा संपली कळलं नाही,
दुसरीचा कागद उलगडला नाही.
खालून बँड परत वर चढत होता,
ढोलवाला सगळ्यांच्या मागे,
धापा टाकत,
ताल तेवढा धरून.