पाचला अकरा मिनिटं कमी

पहिल्यांदा थांबवलं तेव्हा तिच्या मागे धाकटा भाऊ होता,
गुडघ्यापर्यंत मैदानाचा चिखल,
दोन्ही मुठींत तिचं जाकीट.
शिकाऊ परवान्यावर मागे माणूस बसवता येत नाही, मी म्हटलं.
"माणूस कुठाय, रेवी आहे," हुइया म्हणाली.
शंभर डॉलर. पस्तीस गुण.
रेवीला मी माझ्या गाडीतून घरी सोडलं.
वाटभर तो मागत राहिला: सायरन, एकदाच.

दुसऱ्यांदा ऑगस्टात, पहाटे साडेचारला,
विंडमच्या अलीकडे.
रात्री दहा ते पहाटे पाच शिकाऊने चालवायचं नाही
हे तिला पाठ होतं.
गाईंकडून कुणी पाठ करून घेतलेलं नव्हतं.
"पाचला धारा सुरू होतात," ती म्हणाली.
रडत नव्हती, वेळापत्रक सांगत होती.
मागची पिवळी पाटी शेणाने सारवलेली,
तिच्यावरचं एकुलतं एक काळं अक्षर दिसेना.
ते मी हातमोज्याने पुसलं, आणि लिहिलं नाही.
वेळेचं लिहिलं.
पुन्हा पस्तीस.
शंभर भरले की परवाना तीन महिने जातो.
बेरीज तिने माझ्याआधी केली.

बहीण विचारते, एवढंसं गाव,
सगळे तोंडओळखीचे,
डोळेझाक करता येत नाही का तुला?
येते की.
एकदा केली आहे.
पुलाच्या कठड्याचा तेवढा तुकडा
अजून बाकीच्यापेक्षा नवा दिसतो.

आज त्याच पुलापाशी दिवे मालवून बसले होते.
पाचला अकरा मिनिटं कमी.
काचेला आतूनही दहिवर.
मतौरा नदीच्या धुक्यातून आधी आवाज आला,
इंजिनाचा नव्हे,
बुटांचा, आणि साखळीची बारीक किरकिर.
हुइया गाडी ढकलत येत होती.

चढ संपवला होता तिने.
डोक्यावर हेल्मेट, पट्टा आवळलेला.
ढकलताना ते लागत नाही,
पण हे मी कशाला सांगू.
पुढे उतार, सरळसोट, सातशे मीटर.
नुसतं बसायचं, ब्रेक सोडायचा,
चावीला हातही न लावता
गाडी थेट गोठ्याच्या फाटकात.
ती थांबली. सीटकडे पाहिलं.
मी तिला दिसले होते का, अजून ठाऊक नाही.

इंजिन बंद ठेवून उतारावरून घरंगळणं
म्हणजे चालवणं का?
तेवीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं.
उत्तर येत होतं मला,
आणि ते विसरायची तयारी
माझी मीच करत होते.

ती बसली नाही.
उतारावर ढकलणं नसतंच,
असतं ते मागे खेचणं:
दाव्याला हिसडे देणारं जनावर उतरवावं तशी
टाचा रोवत, पुढचा ब्रेक चिमटीत धरत सोडत,
एकदा घसरली, गुडघा टेकला, गाडी नाही टेकू दिली.
मग मात्र मी दिवे लावले
आणि तिच्या मागे मागे, पावलाच्या वेगाने,
तिला रस्ता दिसेल एवढ्या अंतरावरून गेले.
दिव्यात पाटी लख्ख. घासलेली.
एका कोपऱ्यात ब्रशचे ओरखडे.

तिने वळून पाहिलं नाही.
फाटकाच्या जरा अलीकडे थांबून
डावं मनगट वर केलं,
घड्याळ माझ्याकडे.
पाच.
तिसऱ्या किकला गाडी लागली,
उरलेले साठेक मीटर ती ऐटीत चालवत गेली.

नोंदवहीत लिहिलं:
चार एकोणपन्नास ते पाच, पुलाजवळ गस्त.
पादचारी, एक.
मग आठवलं,
भर रस्त्यावर इतक्या सावकाश चालताना
धोक्याचे दिवे लावायचे राहून गेले.
माझेच.
खाली तेही लिहिलं.