शिरक्याची बाटली

त्सांगानोच्या फाट्यावर माझी टपरी.
तीन दगड, वर पत्र्याचा तवा, तेल,
बटाटे, मीठ, कोबीचा चुरा
आणि शिरक्याची बाटली,
झाकणाला खिळ्यानं भोक पाडलेली,
म्हणजे उधळ्या हाताचं गिऱ्हाईकही
थेंबाथेंबानंच ओतेल.

त्या मंगळवारी सिस्टर फलेसी सायकलवरून उतरली.
चिप्स नकोत म्हणाली.
'शिरका आहे? सीलबंद?'
दवाखान्यातला संपला होता,
लिलाँग्वेहून गाडी यायची होती, आली नव्हती,
आणि बाकावर एकोणीस बायका
पहाटेपासून चितेंजे गुंडाळून बसलेल्या.
मी ठेवणीतली बाटली काढली.
तिनं लेबलावरचे आकडे दोनदा वाचले,
पाच टक्के. चालेल म्हणाली.

'कशावर घालणार?' मी विचारलं.
मला वाटलं, बटाटेच असतील.
तिनं सांगितलं. भर रस्त्यात,
ट्रकचा धुरळा खाली बसायच्या आत,
मिठाचा भाव सांगावा तसं.
गर्भाशयाच्या तोंडाला लावायचा,
मिनिटभर थांबायचं.
आत काही शिजत असेल
तर तेवढी जागा पांढरी पडते.

मी हसले.
मग म्वांदिदा आठवली.

म्वांदिदा माझ्या शेजारी टोमॅटो विकायची.
दोन पावसाळे तिच्या अंगावरून जात होतं.
ती म्हणायची, पाळी जाताना असंच व्हायचं.
सासू म्हणाली, करणी.
नवरा काहीच म्हणाला नाही,
बाहेरच्या खोलीत झोपू लागला.
शेवटी वासामुळे तिच्या टोपलीला कुणी हात लावेना,
आणि मीही – हे मी कुणाला सांगितलेलं नाही –
माझा तवा चार पावलं पलीकडे सरकवला.

मी टपरी मुलाच्या हवाली केली
आणि माझ्याच बाटलीच्या मागोमाग गेले.
विसावी.

टेबल गार. छताला एक पाल.
'खोक,' फलेसी म्हणाली. मी खोकले.
ओळखीचा वास आला
आणि, सांगायला लाज वाटते,
मला भूक लागली.

मिनिट किती लांब असतं
ते तळणारीला विचारा.
'आहे,' ती म्हणाली. 'मक्याच्या दाण्याएवढं.
रोग नाही अजून. झाला असता.'
मग मुठीत मावेल असं एक यंत्र, तापलेलं,
मिनिटाच्या आत काम संपलं.
चटक्याचं मला काय?
तेलानं माझ्या मनगटांवर किती सह्या केल्यात बघा.

म्वांदिदाचा दाणा मक्याएवढा कधी होता?
मी तेव्हा तिच्याशी
चार टोमॅटोंसाठी घासाघीस करत असेन.

तादाला नऊ वर्षांची झाली, शाळेत लस आली.
हातपंपावर बोलणं चाललं:
पोरी वांझ होतात, गोऱ्यांचा डाव आहे,
एवढ्याशा जिवाला त्या जागेची लस कशाला.
मी बादली खाली ठेवली.
मला भाषण येत नाही.
म्हटलं, म्वांदिदा कशानं गेली
तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.
ही त्याचीच लस. दाणा पेरला जायच्या आधीची.
दांडा मारणारीचा हात थांबला.
पाणी थोडा वेळ आपलं आपण येत राहिलं.

शाळेच्या कागदावर अंगठा दिला.
बोटाला तेल होतं.
कागद तेवढ्यापुरता काचेसारखा झाला,
मागच्या बाजूला लिहिलेलं तादाला त्यातून दिसलं.
तेवढं एक नाव मला वाचता येतं.

त्या संध्याकाळी तिचा दंड दुखत होता.
डाव्या हातानं तिनं बटाटे सोलले,
सालीबरोबर अर्धा बटाटा गेला.
मी काही बोलले नाही.

फलेसीनं ती बाटली अजून परत केलेली नाही.
फळीवर कोळशाची रेघ आहे, पुसलेली नाही मी.

पण बायका येतात.
चिप्स घेतात, नवऱ्याला पुढं जाऊ देतात,
आणि शिरका शिंपडता शिंपडता,
खाली बघत विचारतात,
'दुखलं का गं, न्दाझिओना?'

'दुखलं नाही,' मी म्हणते.
'भूक लागते मात्र.'