वाव

शाळेच्या फॉर्मवर एक रकाना आहे,
बोटाच्या पेराएवढा:
कुटुंबात कुणाला काही आजार?

केतकी नववीत. जबल शम्सला न्यायचेत त्यांना,
दोन रात्री तंबूत.
कानटोपी हवी आहे आणि माझी सही.

मी सोहारच्या बंदरात टग चालवतो.
बाबा हर्णैला नाखवा, आजोबाही.
आमच्यात उंची कुणी मोजलीच नाही.
मोजायचं ते खाली, दोरीला शिसं बांधून,
इतके वाव, तितके वाव.
घरातला सगळ्यात उंच चढलेला माणूस
माडावर चढलेला.

मग दिगू फौजेत गेला.
विमानाने लेहला, आठवड्यात आणखी वर, चौकीवर.
तिसऱ्या रात्री खोकला.
थंडी बाधली, म्हणाला सोबत्याला.
सकाळी उतरवू, म्हणाले.
पहाटे ओठ निळे, तोंडाला गुलाबी फेस.
साहेबांच्या पत्रात होतं: फुप्फुसांत पाणी भरलं.
आईने ते वाक्य तीनदा वाचून घेतलं.
चार पिढ्या दर्यावर, एक माणूस बुडाला नव्हता.
हा बुडाला तो
जिथे पाणीसुद्धा दगड होऊन पडलेलं असतं.

डॉक्टर जुवैना अल-हबसी बराच वेळ ऐकत होत्या.
काही घराण्यांत असतं, म्हणाल्या.
वर हवा विरळ झाली की फुप्फुसातल्या नसा आवळतात,
सगळ्यांच्याच. काहींच्या जरा जास्त.
रक्त तपासून कळेल? मी विचारलं.
असं एक अक्षर नाही बोट ठेवायला.
तुमच्यात असेल. मुलीत असेल. नसेलही.
आणि दोन हजार मीटरवर सहसा काही होत नाही.
त्या इंग्रजीत बोलत होत्या,
मी मनातल्या मनात मराठी करत होतो:
शक्यतेला वाव आहे.

पणजोबाच्या छातीतही असेल ते,
कधी न उघडलेल्या पेटीसारखं.
समुद्रसपाटीला त्याला कोण विचारतं?
म्हातारा नव्वदीत गेला, अंगणात, जाळं विणता विणता.

हवा स्वच्छ असली की टगवरून हजरचे डोंगर दिसतात,
तपकिरी, रापलेले.
चोवीस वर्षं बघतोय. एकदाही गेलो नाही.
लोकांना सांगतो, सुट्टी मिळत नाही.

रकान्यात मावलं तेवढं लिहिलं:
काका. लेह. फुप्फुसं.
सही केली. तारीख चुकली, खोडून परत घातली.

मग तिला समोर बसवलं.
खोकला आला, बसल्या जागी धाप लागली,
उताणं झोपवेना,
तर सरांना उठवायचं. रात्रीच.
ओरडतील, ओरडू देत.
सकाळची वाट बघायची नाही, केतकी. खाली यायचं.

किती खाली, तिने विचारलं.

मला मीटर सुचेनात.