वाकडं बोट

ऑस्ट्रावात तेव्हा खिडकीच्या कठड्यावर
सकाळी बोट फिरवलं की काळं व्हायचं.
बाबा ते बोट उजेडात धरून म्हणायचे,
"वा! आज काय पहाडी हवा आहे."
आणि आई, दोरीवरच्या चादरी उतरवून,
काही न बोलता पुन्हा भिजवायची.

ट्राम डेपोच्या फळ्यावर आकडे लागायचे:
एकशे चार टक्के, एकशे सात टक्के.
सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या की
बाबा आणखी एक वाजवायचे.
एकच.
तेवढ्यासाठी कुणाला पकडता येत नाही.
टाळीच तर होती.

सरळ बोटाने तूप निघत नव्हतं,
म्हणून त्या पिढीने बोट वाकडं केलं.
मग सत्ता गेली, फळा गेला,
धुराडी थंड झाली, त्यांच्यावर आता
लोक तिकीट काढून चढतात.
तूप काय, हवं ते दुकानात मिळू लागलं.
बोट तेवढं सरळ झालं नाही.

आम्ही तेच बोट धरून चालायला शिकलो.
घटस्फोटाचे कागद आले तेव्हा मी म्हटलं,
"चला, कपाटात जागा झाली."
माझा मातेय "आठवण येते" असं लिहितो
आणि मागोमाग डोळा मारणारा पिवळा चेहरा पाठवतो,
दारावर पहारेकरी ठेवावा तसा.
पहारा कुणावर, ते आता कुणालाच माहीत नाही.

मार्चमध्ये डॉक्टर कुबीचकोवांनी
एक्स-रे दिव्यासमोर धरला,
एका डागावर पेन टेकवलं.
"बरं झालं," बाबा म्हणाले,
"नव्या कवळीचे पैसे वाचले."
बाई हसल्या.
हसून झाल्यावर पेनचं टोपण शोधत राहिल्या.

आणि मग एका गुरुवारी, चारच्या सुमाराला,
मातेय ब्रनोहून आला, ओल्या बुटांनी,
तर बाबा म्हणाले,
"तू आलास. मला फार बरं वाटलं."

आम्ही थांबलो.
अर्धं हसू तयार ठेवून
उरलेल्या वाक्याची वाट बघत राहिलो.
शेजारच्या खाटेवरच्या माणसानेही
वर्तमानपत्र खाली केलं.
वाक्य तेवढंच होतं.

मातेयने माझ्याकडे बघितलं,
मी खिडकीकडे.
पोरांना न झेपणारी परात
चुकून त्यांच्या हाती द्यावी
आणि चटकन काढून घ्यावी,
तसं बाबा म्हणाले,
"बूट तेवढे बाहेर काढायचे ना.
फरशी जनतेच्या मालकीची आहे."

केवढ्याने हसलो आम्ही.
नर्स बघायला आली.