ओ

कायझर्सलाउटर्न, शनिवार दुपार.
टेकडीवरच्या स्टेडियममधून मधूनच गर्जना येते;
गोल झाला की हुकला, काचेआडून कळत नाही.
चौथ्या मजल्यावर इर्मट्राउट केटनाकर एकटी,
समोर तीस वर्षांपूर्वीची फाइल. नाव: गुण.

गुण(पूर्णांक, पूर्णांक).
गुण(बहुपदी, बहुपदी).
गुण(मॅट्रिक्स, मॅट्रिक्स), आणि शेजारी तिचीच टीप:
सावकाश. इथे आधी कोण, नंतर कोण, याला महत्त्व आहे.

हाक एकच. ओ कोणी द्यायची
ते तुम्ही हातात काय घेऊन आलात त्यावर.
यंत्र आधी हात बघतं,
मग सगळ्यात नेमकी व्याख्या शोधतं,
नसेल तर जरा ढोबळ, मग आणखी ढोबळ,
आणि अगदी तळाशी, दाराशी डुलक्या घेणाऱ्या शिपायासारखी,
गुण(काहीही, काहीही):
माफ करा, इथे तसं कोणी राहत नाही.

नवा मुलगा योरिट सोमवारी विचारत होता,
दोन व्याख्या सारख्याच नेमक्या निघाल्या तर?
तर ते थांबतं, ती म्हणाली. निवडत नाही.
आपण निवडतो, आणि मग जन्मभर समर्थन करत बसतो.
आणि तीच सही घेऊन दुसरी व्याख्या आली तर?
तर पहिली जाते.
आवाज होत नाही.

इर्मी, असं ट्रियरहून बहीण म्हणाली
की ती भांडायच्या तयारीने खुर्ची ओढते.
इर्मी, असं बुद्धिबळ क्लबातले म्हातारे म्हणाले की हसते.
इर्मी, असं फोल्कमार म्हणायचा तेव्हा
ती काहीच करायची नाही,
नुसती आहे तिथे असायची.
ती व्याख्या अजून आहे. बोलावणारा नाही.

योरिटच्या सफाईयंत्राने आज
काही ओळी करड्या करून ठेवल्यात.
गुण(क्वाटर्नियन, क्वाटर्नियन),
अकरा ओळी, फोल्कमारच्या, त्याच्या वेड्यावाकड्या समासासकट.
शेरा: नऊ वर्षांत एकही हाक नाही. काढू?

ती कॉफी आणायला जाते. यंत्र नाणं गिळतं, कॉफी देत नाही.
परत येते.
चाचण्यांच्या फाइलीत, शेवटी, एक ओळ लिहिते:
गुण(आय, जे).

आता रोज रात्री दोन वाजता,
बिल्डिंगमध्ये कोणी नसताना,
त्याला कोणीतरी हाक मारेल.

ती एकदा चालवून बघते.
के.
मग उलट करून: गुण(जे, आय).
उणे के.

अगदी तसाच. वाद घातल्याशिवाय
उलटं काही मान्य करायचाच नाही.