पावणेवीस

टेपची इंचाची बाजू माझी.
सेंटिमीटरची मी दवाखान्यात शिकले,
चौदा महिन्यांच्या भार्गवीच्या डोक्याभोवती.

आधी टोपडं घट्ट झालं.
मला वाटलं, कापड आटलं.
उसवून शिवलं, पुन्हा उसवलं.
साडेअठरा. एकोणीस. सव्वाएकोणीस.
तेल लावताना टाळू बोटाखाली दबेना,
आणि डोळे सारखे खाली उतरलेले,
जणू कुणी जमिनीवर काही सांडलंय.
सारसोळ्यात सगळे म्हणाले, नजर.
मी दर सोमवारी मोजायची,
आकडा कुणाला सांगायची नाही.

नेरुळच्या डॉक्टर सबनीस बाईंनी
कागदावर चार खोल्या काढल्या.
तिसरीतून चौथीत जायचा बोळ अरुंद.
पाणी रोज नवं बनतं, जायला जागा नाही.
नळी घालता येईल, म्हणाल्या,
पण आधी दुर्बिणीने
तिसरीच्या तळाला एक भोक पाडून बघू.

नवरा पालिकेत, धारण तलावाच्या झडपांवर.
भरतीला खाडी आत घ्यायची नाही,
ओहोटीला गावाचं पाणी सोडायचं.
इतका वेळ गप्प होता.
मग म्हणाला, "पानीच हाय ना. वाट करून द्याची."
आणि सही केली, स्वतःचं आडनाव चुकवून.

तास लागेल म्हणाल्या होत्या, दोन लागले.
पिशवीत गिऱ्हाइकाचा ब्लाउज होता.
बाकावर बसून सहा हुक लावले,
सगळे उलटे.

नंतर बाईंनी पडद्यावर दाखवलं :
मलमलीहून पातळ तळ,
त्याखाली उडणारी एक रक्तवाहिनी.
तिच्या जरा पुढे टोचलं,
मग इवला फुगा फुगवून ते रुंद केलं.
मी म्हणाले, काज.
बाई हसल्या नाहीत. हो, म्हणाल्या, काजच.
बुजू शकतं पण. उलट्या झाल्या, पोर पेंगली,
तर मध्यरात्रीही घेऊन यायचं.

डोकं लहान होणार नाही, हेही सांगितलं.
आकडा थांबला पाहिजे, एवढंच.

आठ सोमवार झाले.
पावणेवीस.
पावणेवीस.
एकदा वीस भरलं. पायातलं बळच गेलं.
माझाच हात सैल पडला होता.
नवऱ्याने मोजलं, शेजारच्या तांडेलबाईंनी मोजलं.
पावणेवीस.

काल पिवळ्या वॉयलचं नवं टोपडं बेतलं.
मापालाच कापणार होते.
कात्री लावताना
दोन्ही बाजूंना अर्धा इंच माया ठेवली.
पोर आहे, वाढणारच.
किती, ते सोमवारी बघू.